झाकणावरच्या प्लेटा

संचालकांनी पडद्यावर दोन खांब दाखवले. दोन्ही एकाच उंचीचे, सख्खे भाऊ फोटोला उभे राहावेत तसे. डावा खांब औषध दिलेल्या कॅन्सरच्या पेशींचा, उजवा बिनऔषधाच्या पेशींचा. वर केमोचं विष ओतल्यावर दोन्हीकडे जगल्या त्या पेशी सारख्याच. "थोडक्यात काय, आपल्या औषधामुळे कॅन्सरला काडीचंही बळ मिळत नाही," असं म्हणून त्यांनी खोलीतल्या लोकांकडे बघितलं. आणि खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

संस्थेत तिच्या पाठीमागे तिला कानस म्हणत. ती बोलायला लागली की समोरच्याचा चकचकीतपणा खरवडून निघतो, म्हणून. हे नाव तिला माहीत होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. कानस हे कामाचं हत्यार आहे. खुर्चीवर घालायच्या उशीपेक्षा तरी नक्कीच.

भांडण सरळ होतं. शरीरातल्या पेशीला चटका बसला, विष लागलं, उपासमार झाली, की तिच्या आतली प्रथिनं चोळामोळा होतात. इस्त्रीचे कपडे कुणी बोळा करून टाकावेत तशी. मग पेशी एक खास टोळी कामाला लावते. तिला म्हणायचं ताण-प्रथिनं. ही टोळी बोळे उचलते, झटकते, परत घडी घालते. म्हातारपणी मेंदूच्या पेशींत ही टोळी थकते, बोळ्यांचे ढीग साचतात आणि माणूस आधी चष्मा विसरतो, मग रस्ता, मग पोरांची तोंडं. कानसने नऊ वर्षं घासून एक औषध काढलं होतं जे ही टोळी पुन्हा उभी करतं. विसराळू उंदीर त्यावर आपली वाट शोधायला लागले. संस्थेत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

पण त्या टोळीला एक खोड असते. ती कामसू आहे, इमानी आहे आणि तिला माणूस ओळखता येत नाही. समोर मेंदूची पेशी असो की कॅन्सरची, ती घडी घालत बसते. कॅन्सरची पेशी तर जन्मापासून धावपळीत, सतत चुरगळलेली. ती ह्या टोळीच्याच जिवावर जगते. कानसने आपलंच औषध रुग्णांच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींना दिलं आणि मग त्यांच्यावर केमोचं विष ओतलं. औषध न घेतलेल्या पेशी पटापट मेल्या. औषध घेतलेल्या तिप्पट जगल्या.

तेव्हा तिने एक अट मागितली: माणसांवर चाचणी जरूर करा, पण ज्याला आयुष्यात कधीही कॅन्सर झालाय त्याला त्यात घेऊ नका. झोपलेलं उठेल.

संचालकांना ही अट परवडणारी नव्हती. चाचणीसाठी म्हातारी माणसं लागतात आणि म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांना कधी ना कधी काही ना काही होऊन गेलेलं असतं. अट लावली तर निम्मी यादी गळणार, चाचणी वर्षभर लांबणार आणि उद्घाटनाला येणार म्हणून सांगितलेली मोठी माणसं दुसऱ्याच्या उद्घाटनाला जाणार. म्हणून त्यांनी कानसचा प्रयोग स्वतःच्या प्रयोगशाळेत करून घेतला. आणि आज हे दोन खांब. शुक्रवारी सकाळी परवानगी समिती बसणार होती. आज सोमवार.

"दुसऱ्या हातांनी केलं की जे दिसत नाही, ते नसतं," संचालक म्हणाले.

तिचं खांबांकडे लक्षच नव्हतं. खांबांच्या खाली, पुरावा म्हणून, पेशी वाढवायच्या प्लेटांचे दोन फोटो लावले होते. प्रत्येक संच हातावेगळा झाला की परत उबेच्या पेटीत ठेवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, अशी तिथली पद्धत. त्या फोटोंत एक गोष्ट होती जी खोलीतल्या एकालाही दिसली नव्हती. संचालकांना दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पंधरा वर्षांत पिपेटला, थेंब मोजून सोडायच्या नळीला, हात लावला नव्हता. बाकीच्यांना दिसलं असतं, पण ते संचालकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

पेशी ज्या पाण्यात वाढतात ते पाणी तांबूस-नारिंगी असतं. प्लेट पेटीबाहेर फार वेळ राहिली की ते गुलाबी होतं, मग जांभळट. औषधाच्या प्लेटा नारिंगी होत्या. बिनऔषधाच्या जांभळट.

*

संचालकांच्या प्रयोगशाळेतल्या प्लेटा तिथले जुने तंत्रज्ञ करायचे, सगळे त्यांना काका म्हणत. काकांना तिथे कामाला लागून बावीस वर्षं झाली होती. त्यांच्यासमोर डॉक्टरेट करून गेलेली पोरं आता जगभर प्राध्यापक होती आणि त्यातल्या निम्म्यांना पिपेट कशी धरायची हे काकांनी शिकवलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या प्लेटेवर एकदाही बुरशी आली नव्हती. कुठल्याही शोधनिबंधावर त्यांचं नावही आलं नव्हतं.

कानस तडक त्यांच्याकडे गेली आणि बिनऔषधाच्या प्लेटा बाहेर किती वेळ होत्या ते विचारलं. काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं ही आपल्या कामात खोट काढायला आली आहे. म्हणाले, मॅडम, मी तुमच्याकडे काम करत नाही, तुम्ही सरांना विचारा. ती म्हणाली, सरांना विचारलं असतं, पण सरांना पेटी कुठल्या बाजूने उघडते हे तरी ठाऊक आहे का. काकांना हसू आलं आणि त्यांनी ते मिशीतच ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. पेटी म्हणजे इनक्युबेटर, सदतीस अंशांवर ठेवलेली. तिच्या दारावर पाटी होती: दार वारंवार उघडू नये. खाली संचालकांची सही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दार उघडं टाकून गेलं होतं, तेव्हापासूनची. त्यामुळे काका दार एकदाच उघडत. चोवीसच्या चोवीस प्लेटा एकदम बाहेर. प्लेटा हाताळायच्या निर्जंतुक कपाटात, हूडखाली, जागा बाराचीच. मग आधी औषधाच्या बारा करायच्या, कारण त्या महत्त्वाच्या. बिनऔषधाच्या बारा तोवर थांबतात. पाऊण तास. कधी जास्त.

"थांबतात कुठे?" तिने विचारलं.

काकांनी हूडशेजारच्या सेंट्रिफ्यूजकडे हात केला. नळ्या गरगर फिरवणारं मशीन, बसक्या पिंपासारखं, वर सपाट झाकण. "थंड फरशीवर नाही ठेवत मी," ते म्हणाले. "उघड्यावर गार पडतात बिचाऱ्या. इथे ऊब असते जरा."

मशीन सकाळपासून फिरत होतं. तिने झाकणाला हात लावला. तळवा नाही, हाताची उलटी बाजू.

ही सवय तिच्या वडिलांची. एका कारखान्यात अडतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता त्यांनी. काट्यावर त्यांचा भरवसा नसे. काटा अडकतो, म्हणायचे, कातडं अडकत नाही. आणि तळवा कधी लावायचा नाही. तळवा कामाने बहिरा होतो. उलटा हात लावायचा, तिथलं कातडं पातळ असतं, चुगली करतं. पोरीला त्यांनी बॉयलरच्या दारात उभं करून हे शिकवलं होतं आणि तिचा गुण बघून तिचं नाव ठेवलं होतं ठिणगी. घरात ती अजून ठिणगीच होती.

झाकण ऊबदार नव्हतं. गरम होतं. तिने थर्मामीटरची तार आणून टेकवली. बेचाळीस.

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांना सांगावं लागलं नाही. ताण-प्रथिनं जागी करायची असतील तर जगातला सगळ्यात जुना आणि सोपा उपाय हाच आहे की पेशींना अर्धा-पाऊण तास बेचाळीस अंशांवर शेकायचं. काकांनी स्वतःच कितीतरी पोरांना तो करून दाखवला होता. म्हणजे एका संचातली टोळी औषधाने उठली होती आणि दुसऱ्या संचातली काकांच्या मायेने. दोन्हीकडच्या पेशी जगल्या. दोन्ही खांब सारखे.

"बावीस वर्षं," काका म्हणाले. "म्हणजे बावीस वर्षांचं सगळं—"

तिने त्यांना तिथेच अडवलं. पाटी दोन वर्षांची आहे, म्हणाली, आणि हे मशीन त्या कोपऱ्यात गेल्या वर्षी आलंय. उगाच सगळं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका, तेवढे मोठे नाही तुम्ही. मग तिने खरं मागणं मागितलं. हाच प्रयोग उद्यापासून पुन्हा, काकांच्याच हातांनी, ह्याच खोलीत, ह्याच पेशींवर. फक्त बिनऔषधाच्या प्लेटांचे दोन संच: एक झाकणावर शेकलेला, एक आपली पाळी येईपर्यंत पेटीत. तिने स्वतः केला तर लोक म्हणतील हिने हवं ते काढून घेतलं.

काका बराच वेळ हातमोजे काढत राहिले. दार तीनदा उघडावं लागेल, म्हणाले. पाटी आहे. आणि सर.

ती म्हणाली, सरांचं मी बघते. दार तुम्ही उघडा.

*

बुधवारी ती भावाकडे गेली. वडील त्याच्याकडे असत. भाऊ तिच्याहून मोठा, शाळेत गणित शिकवणारा, आणि घरातला एकमेव माणूस ज्याला ती कधी कधी घाबरे. त्याने चाचणीचा अर्ज भरला होता. वडिलांचं नाव यादीत लागलं होतं, पहिल्या दहात. त्याने तो कागद पारदर्शक पिशवीत घालून फ्रिजवर चिकटवला होता.

वडील खिडकीशी बसले होते. त्यांनी तिला ओळखलं असं वाटलं, मग नाही असं वाटलं. तिचा हात हातात घेऊन त्यांनी उलट्या हाताने तिचं मनगट तपासलं, ठीक आहे अशी मान हलवली आणि तिला विचारलं की दुसऱ्या पाळीचा माणूस आला का.

वहिनी चहा ठेवून आत गेली. ह्या भावंडांचं सुरू झालं की आपण भाजी निवडावी, हे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरवलं होतं.

ठिणगीने आडवळण न घेता सांगितलं. वडिलांच्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ सहा वर्षांपूर्वी काढली होती. अट लागली तर त्यांचं नाव कटणार. अट ती लावून घेणार होती.

भाऊ आधी हसला. मग त्याला कळलं की ती गंमत करत नाही. तो म्हणाला की गाठ गेली, डॉक्टर म्हणाले गेली, दर वर्षी तपासतो, एक ठिपका नाही. ती म्हणाली, ठिपका दिसण्याआधीही असतो. तो म्हणाला, असतो की असू शकतो? ती म्हणाली, असू शकतो. गणिताच्या मास्तराने तो शब्द तिथेच पकडला.

"असू शकतो," भाऊ म्हणाला. "आणि हे बघ इकडे. हे असू शकत नाही, हे आहे. काल त्यांनी मला विचारलं तुमच्या घरी कोण कोण असतं. बापाने. मला. तुझं औषध आहे ना हे? नऊ वर्षं आम्ही ऐकतोय. जगाला देणार आणि ह्यांना नाही?"

"जगालाही नाही. ज्यांना गाठ होऊन गेली त्यांच्यापैकी कुणालाच नाही."

"त्यांचे भाऊ बघून घेतील. माझ्या बहिणीला एक अट न मागणं जमत नाही का? गप्प बसायचं फक्त. आयुष्यात एकदा."

तिने चहा संपवला. तिला राग आला होता, पण भावाचा नाही. भावाचं चुकत नव्हतं, तिथेच खरी पंचाईत होती. जे बरोबर आहे ते करताना समोर एखादा नालायक माणूस असावा, म्हणजे सोपं जातं. इथे समोर बापाची नखं कापून देणारा, त्याला रोज आंघोळ घालणारा माणूस होता. ती उठली आणि म्हणाली, दादा, तुला हवं तर मला उंबऱ्यात घेऊ नकोस, पण शुक्रवारी मी बोलणार आहे. भाऊ म्हणाला की उंबरा वडिलांचा आहे, ते ठरवतील, आणि ते आता ठरवू शकत नाहीत, पुढेही ठरवणार नाहीत, तुझ्या कृपेने.

ते शेवटचं बोलून त्याची मान खाली गेली. तिने ते ऐकलंच नाही असं केलं. भावंडांत तेवढी सवलत असते.

*

शुक्रवारी समितीच्या टेबलाभोवती सात माणसं होती. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई, पंचाहत्तरीच्या, कानात यंत्र, आणि ते त्या कधी बंद करतात हे कुणालाच कळत नसे. संचालकांनी आपले दोन खांब पुन्हा दाखवले. मग कानस उभी राहिली आणि तिने तीन खांब दाखवले. औषधाचा उंच. शेकलेल्या प्लेटांचा जवळजवळ तेवढाच. पेटीत राहिलेल्या प्लेटांचा त्यांच्या एकतृतीयांश. मग फोटो, नारिंगी आणि जांभळट. मग थर्मामीटरचा आकडा. सगळं मिळून सहा मिनिटं. तिने एकही विशेषण वापरलं नाही. ती आकड्यांनी मारत असली की विशेषणं घरी ठेवते.

संचालक पाणी प्याले. ते मूर्ख नव्हते. आकडे त्यांनाही वाचता येत होते. म्हणून त्यांनी आकडे सोडले. सन्माननीय सदस्यांच्या कानावर एक गोष्ट घालणं कर्तव्य आहे, म्हणाले, ह्या प्रकरणात मॅडमचं घरचं माणूस गुंतलेलं आहे आणि त्यामुळे त्यांची दृष्टी तटस्थ राहिली नसावी.

"गुंतलंय," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं नाव तुमच्या यादीत आहे. त्यांना गाठ होऊन गेली आहे. मी मागते ती अट लागली तर त्यांचं नाव कापलं जाईल. आता सांगा, माझी दृष्टी कुठल्या बाजूला झुकली?"

एका सदस्याने विनाकारण पेनाचं टोपण काढलं.

अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र नीट केलं आणि विचारलं की प्लेटा कुणी केल्या. दोन्ही वेळच्या. काका भिंतीशी उभे होते, खुर्च्या रिकाम्या असूनही. ते दोन पावलं पुढे आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"मीच केल्या," काका म्हणाले. "दोन्ही वेळा माझेच हात. झाकणावर मी ठेवल्या होत्या. आधीचा आकडा चुकीचा आहे, हा बरोबर आहे."

संचालक म्हणाले की एका तंत्रज्ञाच्या सवयीवरून एवढा मोठा निर्णय घेणं योग्य होणार नाही. बाईंनी काकांना विचारलं, ही सवय लागली कशी. काकांनी संचालकांकडे बघितलं नाही. म्हणाले, दारावर पाटी आहे, दार वारंवार उघडू नये. बाईंनी विचारलं, पाटी कुणाची. काकांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. पाटीवर सही होती आणि सही कुणाची हे सातही जणांना सांगायची गरज उरली नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की संचालक शेवटचे हूडसमोर कधी बसले होते, आणि उत्तराची वाट न बघता कागद पुढे ओढला.

अट लागली. चाचणी होणार, पण कॅन्सर होऊन गेलेला एकही माणूस तिच्यात नाही. यादीतली एकशे चाळीस नावं त्याच दुपारी कापली गेली. कारकुनाने ती एक एक करून लाल केली आणि सातवं, वडिलांचं, नाव लाल झालं तेव्हा कानस तिथे उभी होती. उभं राहिलंच पाहिजे असं तिला वाटलं होतं. त्याला दुसरं कारण नव्हतं.

बाहेर काकांनी विचारलं की आता आपल्याला ते ठेवतील का. ती म्हणाली, नाही ठेवलं तर माझ्याकडे या, माझ्याकडे पाटी नाही. आणि ह्या कामावर जो निबंध निघेल त्यावर तुमचं नाव माझ्या आधी. काका म्हणाले, आधी नको मॅडम, शेजारी असू दे. पोरं हसतील.

*

संध्याकाळी ती भावाकडे गेली. दार वहिनीने उघडलं आणि मागे न बघता आत निघून गेली, पण दार उघडं ठेवून. फ्रिजवरचा कागद निघाला होता. चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच होते. भावाला दुपारीच फोन आला होता.

तो वह्या तपासत बसला होता. मान वर न करता म्हणाला की अभिनंदन. ती बसली. त्याने लाल पेनाने आणखी दोन वह्या तपासल्या. मग त्याने विचारलं की आता पुढे काय. रागाने नाही, हिशोबाचा पुढचा टप्पा विचारावा तसं.

तिने सांगितलं. टोळी सगळीकडे उठवायची नाही, फक्त मेंदूच्या पेशींत उठवायची. बाकी शरीराला पत्ताही लागू द्यायचा नाही. होईल का? होईल. तिला त्यात शंका नव्हती. औषधाला कुठे बदलायचं हे तिला बुधवारी, त्याच्याकडून परत जाताना, बसमध्ये सुचलं होतं, आणि काल तिने ते कागदावर उतरवलं होतं. जमतं.

"किती दिवस?" भावाने विचारलं.

"तीन वर्षं. घाई केली तर अडीच."

"ह्यांच्याकडे आहेत का तेवढी?"

ती खोटं बोलू शकली असती. एवढं घडल्यावर कुणी तिला नावं ठेवली नसती. "आहेत म्हणता येत नाही," ती म्हणाली. "शरीर राहील. ओळख बहुतेक नाही राहणार."

भावाने पेनाचं टोपण लावलं. त्याने वही मिटली, परत उघडली आणि म्हणाला, ह्या पोराने उत्तर बरोबर काढलंय, पण रीत कुठली लावलीय ते मला अजून कळलेलं नाही. हे तो वहीबद्दल बोलत होता. मग म्हणाला, रविवारी ये. नखं कापायची आहेत आणि मी कापताना ते हात हलवतात फार. तुझ्याजवळ शांत बसतात.

आत शेगडीवर किटली होती. वडील खुर्चीवरून उठून तिथवर गेले होते. दोघंही एकदम उठली, पण वहिनीने हाताने थांबवलं. वडिलांनी किटलीला हात लावला नाही. त्यांनी उलटा हात तिच्यापासून दोन बोटं लांब धरला, तसाच ठेवला, आणि डोळे मिटले. अडतीस वर्षांतलं हे एक काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं.

मग त्यांनी वळून ठिणगीकडे बघितलं. नाव आठवायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि नव्या कामगाराला सांगावं तसं तिला सांगितलं, "चढतंय. इथून हलू नकोस."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.